सत्यवानचा रापणीतला तुकडा

मुंबई, २ ऑक्टोबर १९६७

ती. सुगंधाताईस,
सत्यवानचा सा. न. वि. वि.

तब्येत ठीक, मन ठिकाणावर नाही. आमच्या संस्थेतल्या गणकयंत्रावर मला बंदरांच्या भरती-ओहोटीचे कोष्टक काढायचे आहे. यंत्राला सूचना द्यायच्या त्या कार्डांना भोके पाडून, एका कार्डावर एक. मी ऐटीत सगळे काम एकाच सलग गठ्ठ्यात लिहिले, चौदाशे कार्डे. उत्तर चुकते. एकीकडे दुरुस्त करावे तर दुसरीकडे बिघडते, आणि मूळ चूक सापडत नाही. दिवाळीपर्यंत जमले नाही तर साहेब मला यंत्रावरून काढून टपाल नोंदवायला बसवणार. त्यापेक्षा घरी येतो. गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, आपल्या रापणीत, माझ्या वाट्याचा तुकडा अजून आहे ना, बाबांना विचार.

तुझी माया असू दे.
सत्यवान

देवबाग, ९ ऑक्टोबर

चि. सत्यवानास अनेक आशीर्वाद.

पत्र बाबांना दोनदा वाचून दाखवले. यंत्र त्यांना कळले नाही, चूक मात्र कळली. म्हणाले, "जाळा फाटला तर आमी आख्खी रापण उसवतंव काय? ज्येचो तुकडो तेणा सोडूचो, शिवूचो, परत बांधूचो." अरे, चाळीस घरांची आपली रापण, ज्याचा त्याचा तुकडा वेगळा, आणि अंगणात पसरून तपासल्याशिवाय कोणाचा तुकडा दोराला लागत नाही. तू मेल्या एकटाच आख्खी विणायला बसलास. तुझ्या तुकड्याचे विचारले, तर बाबा सूत घेऊन ओटीवर जाऊन बसले. वेळेवर जेवत जा.

तुझी काळजी करणारी,
सुगंधा

मुंबई, २० ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

जमले. गठ्ठा फोडून अकरा तुकडे केले. एक चंद्राचे गणित करतो, एक वेळ मांडतो, एक नुसती छपाई. प्रत्येक वेगळा चालवून पाहिला, मगच जोडला. चूक चंद्राच्या तुकड्यात निघाली. छपाईचा तुकडा तर शेजारच्या टेबलावरच्या सुशीलाबाई आपल्या कामासाठी घेऊन गेल्या. माझी जागा राहिली. ही युक्ती कोणाची, असे साहेबांनी विचारले तेव्हा मी बाबांचे नाव सांगितले. त्यांना माझा शि. सा. नमस्कार.

लोभ आहे तसाच राहू दे.
सत्यवान

देवबाग, २५ ऑक्टोबर

चि. सत्यवानास अनेक आशीर्वाद.

पत्र ऐकून बाबा हसले. आता सांगते. तुझे पहिले पत्र आले त्याच दिवशी त्यांनी तुझा तुकडा माळ्यावरून काढून नव्या सुताने भरायला घेतला होता. तू येशील म्हणून. तरी तुला सांगितली ती तिथे टिकायची वाट. काल तो तुकडा त्यांनी आपल्या तुकड्याशेजारी बांधला. एक गाठ मात्र मारायची ठेवली आहे. दिवाळीला येशील तेव्हा ती तू मारायचीस, म्हणतात.

वाट पाहतो आहोत.
सुगंधा