ताटावरचं नाव

प्रिय धम्मरत्न,

काल रिठदला साहेबांची शोकसभा झाली. तू आला नाहीस, पण गावच्या ग्रुपवर लिहिलंस, "जेवायला वेगळं ताट धाडणारा साधू गेला." ते वाचल्यापासून मला झोप नाही. हे पत्र वाचून आपली दोस्ती राहील की तुटेल, ठाऊक नाही. पण आता लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

माझा संशयी स्वभाव तुला ठाऊक आहेच. मदनसिंगनं फोटोला हार घातला, मला वाटलं याला तिकीट पाहिजे. सरपंच रडला, तर मी त्याच्या रुमालात कांदा शोधत बसलो. प्रत्येक जण तेच सांगत होता: साहेबांनी दिल्लीत एवढी वर्षं मंत्रिपद भोगलं आणि बंगला सोडला तो दोन ट्रंका घेऊन. मला त्या ट्रंकाही कधी पटल्या नाहीत. एवढा सरळ माणूस असतोच कसा? कुठेतरी पाणी मुरत असणार, म्हणून सव्वीस वर्षं मी ते हुडकत राहिलो.

तुमच्या घरचं ते जेवण आठव. रुखमामायनं ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याची भाजी केली होती. तू बाहेर गर्दी आवरत होतास. दारातून तुला एवढंच दिसलं की साहेबांनी पुढ्यातलं पितळी ताट बाजूला सारलं आणि भाकरी तळहातावर घेऊन खाल्ली. मायनं तुला आधीच सांगितलं होतं, "साहेबाच्या मानसायनं त्यायच्यासाठी वेगळं ताट धाडलं हाये बाप्पा." तुमच्या घरात आलेलं तेही ताट त्यांना चालेना, असं वाटून तुझं डोकं फिरलं. "आपल्या घरचं ताट चालत नाही, तं आला काहून?" म्हणालास, पक्ष सोडलास आणि नागपूरला निघून गेलास.

त्या दिवशी परतताना साहेबांनी मला जीपमध्ये शेजारी बसवलं. हळूच म्हणाले, "अपने दोस्त को आप ही बताइएगा." बस, एवढंच. पुढे वर्षभर मी धास्तीत होतो. हा माणूस गप्प का? कधीतरी भर सभेत माझं नाक कापणार, नाहीतर माझ्याकडून काही करून घेणार. पाच वर्षांनी वाशिमला भेटले, गर्दीतून मला ओळखलं आणि एकच विचारलं, "बताया?" मी हो म्हणालो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मला त्यातही डाव दिसला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

धम्मा, ते ताट माझ्या लग्नातलं होतं. साहेबांच्या माणसांनी काही धाडलं नव्हतं; ते मी आणलं आणि मायला खोटं सांगितलं. एवढा मोठा माणूस तुमच्या घरच्या ताटात जेवणार नाही, असं मला वाटलं. विटाळ माझ्या मनात होता, खपवला मी त्यांच्या नावावर. काठावर 'बबनराव' असं कोरलेलं होतं. मायला वाचता येत नव्हतं, साहेबांना येत होतं. वेगळ्या ताटात त्यांना जेवायचं नव्हतं, आणि मायचं ताट मागितलं असतं, तर मी तिथंच उघडा पडलो असतो. म्हणून त्यांनी भाकरीसाठी हात पुढे केला. तुझ्या शिव्या त्यांनी जन्मभर माझ्यासाठी सोसल्या. माय गेली, तिची माफी मागायची राहून गेली. ताट अजून माझ्याकडे आहे, ये आणि नाव वाच. आणि ग्रुपवर जे लिहिलंस, त्यातून साहेबांना वगळ आणि माझं नाव घाल.

अजून म्हणू देशील तर, तुझाच,
बबन