शंभूला सुई नको

१८ ऑगस्ट
गावात लम्पी समिती झाली. ढोरांच्या साथीवर लक्ष ठेवायला. अध्यक्ष कोण, तर शेजारचा उमेंद्र. काऊन? त्याच्याकडे डॉक्टरसाहेबांचा नंबर आहे म्हणे. माझ्याकडेही आहे, लावलो नाही एवढंच. मागच्या पोळ्यात पहिलं बक्षीसही त्याच्याच जोडीला. माझा शंभू त्याच्या बैलापेक्षा हातभर उंच आहे. यंदा सोडत नाही.

२० ऑगस्ट, सकाळी ६
लसीचा कॅम्प उमेंद्रच्याच आंगणात! त्याच्या दारात माझे बैल रांगेत उभे राहतील? वरून सुई टोचली का मानेवर गाठ येते. पोळ्याच्या तोंडावर! डाव समजतो मला. शंभू-बजरंगला घेऊन शेतावर, धानाच्या बांधीत चाललो.

संध्याकाळी
प्रेमिला कॅम्पात जाऊन गाय टोचून आली. माझी बायको असून! आठ दिवस बोलणार नाही.

२१ ऑगस्ट
बोललो. चहा पाहिजे होता.

२९ ऑगस्ट
गोठ्यात रोज कडुनिंबाचा धूर करायचं ठरवलं होतं. एक दिवस केला. उमेंद्र घरोघरी फवारणी करून राहिला. प्रेमिलानं त्याला चहा दिला. साखर जास्त.

९ सप्टेंबर
शंभूच्या मानेवर दोन गाठी. मच्छर असेल.

दुपारी
एवढा मच्छर नसते.

११ सप्टेंबर
अंगभर गाठी, ताप. तणसाला तोंड लावत नाही. प्रेमिलानं बजरंगला दूर बांधलं न् उमेंद्रला बोलावलं. मी नको म्हणलो होतो, हळू आवाजात. तो डॉक्टर घेऊन आला. लस टोचली होती का, डॉक्टरनं विचारलं. मी कौलं पाहू लागलो. उमेंद्र म्हणाला, "माहीच चूक, साहेब. बांधीत जाऊन टोचाले पायजे होतं."
माझी चूकही हा माझ्याकडे राहू देत नाही.

१४ सप्टेंबर, पोळा
यंदा तोरणाखाली बैल नाहीत. समितीनं बंद केलं. हरायची भीती, दुसरं काय. शंभू पडून आहे. नवी झूल पेटीतच ठेवली. डोळ्याला पाणी आलं. धुरानं.
धूर आज केला नव्हता.

२२ सप्टेंबर
शंभू उभा राहिला! भाकर घेऊन धावलो. हुंगली न् तोंड फिरवलं. तेवढ्यात उमेंद्र मलम लावायला आला, रोज येतो तसा. त्याच्या हातचं तणस खाल्लं. वरून त्याचा हात चाटला. चार वर्षं झाली मी पोसून राहिलो, माझा कधी नाही चाटला.
त्याच्या हाताला मीठ असेल.

संध्याकाळी ७
हाताला मीठ लावून अर्धा तास उभा राहिलो. नाही चाटला.