माडी चढून

रत्नागिरी,
ता. ९ नोव्हेंबर १९८३

चि. सौ. गोदूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या चिरंजीवांनी काल जो पराक्रम केला, तो तिखटमीठ लागून गुहागरला पोचण्यापूर्वी शुद्ध स्वरूपात कळवतो. सकाळी लवूने माझ्याकडे नव्या भाताची पोती वर चढवली. मग मिरजोळ्याच्या बर्फ कारखान्याचा टेम्पो घेऊन तो पालीच्या बाजाराला गेला आणि मासळीवाल्या यमुनाबाईंच्या पाटीवर व पावलावर त्याने चाक घातले. पाऊल मोडले. त्याने बाईंना स्वतः उचलून दवाखान्यात नेले, इतपत माणुसकी दाखवली. पण उचलताना म्हणाला, की मावशी, घट्ट धरा, माडी चढून पाय लटपटतायत माझे!

बाईंनी हे जसेच्या तसे हवालदारांना सांगितले आणि दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा नोंदला गेला. डॉक्टर रजेवर, म्हणून रक्त तपासलेच नाही. हवालदार म्हणतात, वास आला. सुक्या मासळीच्या बाजारात ज्या नाकाला नेमका माडीचा वास येतो, त्या नाकाचा सरकारने सत्कार करावा.

आता सगळा खटला एका शब्दावर उभा आहे. माडी म्हणजे माडाची आंबलेली दारू, आणि माडी म्हणजे घराचा वरचा मजलाही. ‘चढून’ हे अव्यय असल्यामुळे कोण कोणावर चढले, ते सांगण्याची जबाबदारी घेत नाही. गुन्हा शाबीत झाला तर लायसन जाईल, आणि लायसन गेले तर नोकरी, असे मालकाने बजावले आहे. वकिलांनी मला साक्षीस बोलावले आहे. प्रश्न भाषेचा असल्याने निवड योग्यच म्हणावी लागेल.

आमच्यावरचा लोभ वाढवावा. लवूवरचा तूर्त थोडा आवरावा.

तुझा,
दादा

गुहागर,
ता. १४ नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप दादास गोदूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेले नाही. इकडच्या मंडळींनी तर बोलणेच टाकले आहे. लवूला चाकाखेरीज दुसरे काही येत नाही. नोकरी गेली तर मुंबईला जाईन म्हणतो, आणि मुंबईला गेलेला आमच्या वाडीतला एकही मुलगा परत येऊन घरात टिकलेला नाही.

म्हणून हात जोडून एकच सांगते. तुझ्या घराला माडी नाही, माळा आहे, हे मला ठाऊक आहे आणि तुला तर असणारच. साक्षीच्या दिवशी तेवढे विसर. वकील माडी म्हणतील, तूही माडी म्हण. भटजींचा उच्चार सुधारता सुधारता तू स्वतःच्या लग्नाचा मुहूर्त चुकवलास. वहिनी बिचारी अंतरपाटामागे जांभया देत होती. तसे या वेळी करू नकोस. कोर्ट म्हणजे तुझा सातवीचा वर्ग नव्हे.

वहिनीस नमस्कार. माझ्यावर माया असेल तर ती त्या दिवशी गप्प बसून दाखव.

तुझी,
गोदू

रत्नागिरी,
ता. २ डिसेंबर १९८३

चि. सौ. गोदूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

लवू सुटला. हे आरंभीच लिहितो, कारण तू पत्र शेवटाकडून वाचतेस.

तुझा सल्ला मला पाळता आला नाही. आपल्या वकिलांनी विचारले, भात माडीवर चढवले ना? शपथ घेऊन झाली होती. मी सांगितले, माडी नव्हे, माळा. माडीला जिना असतो, माळ्याला शिडी. वकिलांनी कपाळाला हात लावला. सरकारी वकील हर्षाने उठले आणि म्हणाले, की घरात माडीच नाही, तर आरोपी चढला कशावर? आरोपी शिकला कोणाकडे, हेही त्यांनी विचारून घेतले. माझ्याच वर्गात, असे मी ताठ मानेने सांगितले. मग त्यांनी विचारले, तुमचा विद्यार्थी माळ्याला माडी म्हणेल काय?

गोदू, मागच्या बाकांवर माझे जुने विद्यार्थी दाटीवाटीने बसले होते. लवू मान खाली घालून उभा होता. मी म्हणालो, म्हणेल. शब्दांच्या बाबतीत हा मुलगा दगड निघाला, आणि तोही माझ्याच हाताखाली.

मोठा हशा झाला. न्यायाधीश तेवढे हसले नाहीत. ते पाणी प्यायले. दारूच्या आरोपातून लवूला संशयाचा फायदा मिळाला, निष्काळजीपणाबद्दल किरकोळ दंड झाला. यमुनाबाईंच्या भरपाईचा दावा विमा कंपनीकडे गेला आहे.

आता बाजारात निघालो की कोणी ना कोणी विचारते, गुरुजी, माडीवर का? मी उत्तर देत नाही. त्या वाक्यात क्रियापद नसते.

लोभ असू दे. कीर्ती गेली आहे.

तुझा,
दादा

मिरजोळे,
ता. ८ डिसेंबर १९८३

तीर्थरूप मामांस लवूचा सा. नमस्कार. वि. वि.

तुम्ही भर कोर्टात मला दगड म्हणालात, त्याचे मला काही वाटले नाही. पण गुरुजींना भाच्यालाही शिकवता आले नाही, असे काल नाक्यावर ऐकले आणि ते काही सहन होईना. मामा, माळा कोणता आणि माडी कोणती, हे मला तुमच्या वर्गात आल्यापासून पक्के ठाऊक आहे. पालीला मी जे बोललो, त्यात शब्दाची चूक नव्हती.

भात माळ्यावर ठेवून निघालो, तो वाटेत हातखंब्याला थांबलो होतो. त्यानंतर थेंबालाही शिवलेलो नाही. यमुनाबाईंच्या सुनेची पाटी रोज बाजारात पोचवतो. आईला कळवू नये, ही विनंती.

उरला असेल तेवढा लोभ राहू द्यावा.

आपला आज्ञाधारक,
लवू

रत्नागिरी,
ता. १० डिसेंबर १९८३

चि. लवूस आशीर्वाद.

पत्र पोचले. तुझे वाक्य शुद्ध होते, हे मान्य. शुद्धीत तू नव्हतास.

रविवारी सकाळी ये. आधी मालकाकडे जाऊन टेम्पोची किल्ली ठेवू, मग एसटीने पालीला यमुनाबाईंकडे. दोन्ही ठिकाणी तू बोलायचेस. मी शेजारी उभा राहीन आणि एकही शब्द सुधारणार नाही. तुझ्या आईला तूच लिही.

लोभ पूर्ववत आहे.

तुझा,
मामा