प्रमुख पाहुण्यांच्या खांद्यावरचे दुपटे

प्रति,
मा. उपक्रम अधिकारी,
वस्ती कला उपक्रम कक्ष, कासारवाडी.

अर्जदार : दीपमाला ज्योतीराम घोगरे, रा. कासारवाडी.

विषय : सत्काराच्या शालीऐवजी वापरलेले तान्ह्या बाळाचे दुपटे परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. २) त्यांवर आलेले आपले एक उत्तर. ३) माझा संयम (आता शिल्लक नाही).

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, आपल्या कक्षाच्या समाजमंदिरात दर रविवारी मी वस्तीतल्या मुलांना गोधडी शिवायला शिकवते. मानधन कधी मागितले नाही, आजही मागत नाही.

१. माझ्या वर्गात कमरुन्निसा नावाची नऊ वर्षांची मुलगी आहे. तिचे वडील नदीमभाई गॅरेजमध्ये मेकॅनिक आहेत. तिची आई सादिका हिची याआधीची दोन बाळे हाती लागली नाहीत. या खेपेस तिचे दिवस भरत आले, तेव्हा मी मुलांना आमच्या लातूरकडची रीत सांगितली. अशा घरी येणाऱ्या बाळाला विकतच्या कापडात गुंडाळत नाहीत. दारोदार मागून आणलेल्या, अंगावर वापरून मऊ झालेल्या कापडाचे दुपटे शिवतात. नदीमभाई म्हणाले, "करा ताई, सगळ्यांची दुआ लागू दे." मुले झोळी घेऊन वस्तीभर फिरली. मंजुळाबाईंनी लुगड्याचा पदर दिला. वर्गातल्या गणराजच्या वडिलांनी कंपनीच्या जुन्या शर्टाची बाही दिली. उलटेसुलटे टाके घालत, बोटे टोचून घेत मुलांनी दुपटे पुरे केले.

२. आपण ते "प्रदर्शनात दोन दिवस लावू" म्हणून नेलेत. समारोपाला शाली कमी पडल्या. आपले लिपिक रणजीत यांनी भिंतीवरचे दुपटे काढले आणि आपण ते चाकणच्या एका कारखान्याच्या बड्या साहेबांना पांघरलेत. ते बाळाच्या मापाचे. साहेबांच्या एका खांद्यालाही पुरेना. निवेदक "वस्तीच्या मायेची ऊब" म्हणाला आणि टाळ्या पडल्या. मुलांना वाटले कार्यक्रमच असा आहे, म्हणून त्यांनीही वाजवल्या. कमरुन्निसाने वाजवल्या नाहीत. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, मग आता बाळाला कशात घ्यायचं?"

३. पहिल्या अर्जावर रणजीत म्हणाले, "मॅडम, सत्कार परत घेता येत नसतो." आपण तेच लेखी कळविलेत : "प्रदान केलेली वस्तू परत मागविण्याची तरतूद नाही." तान्ह्याच्या दुपट्याने सत्कार करण्याची तरतूद कुठे आहे, तेही कळवावे. दुसऱ्या अर्जावर कापडाचे बिल मागण्यात आले. भिकेचे बिल कोण देते? त्यानंतर लाभार्थ्याचे आधार कार्ड मागण्यात आले. लाभार्थी तेव्हा आईच्या पोटात होता.

४. मी स्वतः चाकणला त्या कारखान्याच्या गेटवर गेले. साहेबांची गाडी बाहेर पडताना दिसली. मागच्या काचेला ऊन लागू नये म्हणून मुलांनी शिवलेले दुपटे अडकवलेले होते. शर्टाच्या बाहीवरून मी ते ओळखले. गेटवरचा वॉचमन भला माणूस. म्हणाला, "ताई, तुमच्या ऑफिसचं पत्र आणा, मी स्वतः साहेबांपर्यंत पोचवतो." चार ओळींचे ते पत्र आपण देत नाही. का देत नाही, हे मला कोणी सांगत नाही. साहेबांपुढे आपली मान खाली जाईल म्हणून?

५. लाभार्थी गेल्या शुक्रवारी जन्मास आला आहे. मुलगी आहे, चांगली जोरात रडते. दवाखान्यातून तिला टॉवेलमध्ये गुंडाळून घरी आणले. सादिका झोपत नाही. बाळाच्या नाकाशी बोट धरून बसते. दुपटे नसले म्हणून बाळाला काही होत नाही, हे मलाही कळते, मी बी.ए. झालेली आहे. पण सादिकाला हे सांगायला मी जाणार नाही. आपण जा.

६. दुसरे दुपटे शिवा, असे आपण सुचवाल. एकदा मागितलेल्या घरी पुन्हा मागायचे नाही, अशी रीत आहे. वस्तीतली सगळी घरे मागून झाली. एक आपलेच दार उरले आहे. येत्या रविवारपर्यंत दुपटे मिळाले नाही, तर सोमवारी वर्गातली सगळी मुले झोळी घेऊन आपल्या कार्यालयात येतील आणि प्रत्येक टेबलासमोर उभी राहतील. आपण घरून एखादा वापरलेला सदरा आणून ठेवावा. नवी शाल दिल्यास मुले घेणार नाहीत.

नम्र राहण्याचा प्रयत्न केलेली,

(सही)
दीपमाला ज्योतीराम घोगरे
दि. १७ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) सत्काराचा फोटो (आपल्याच कक्षाने वाटलेला).
२) त्याच बाहीचा उरलेला तुकडा, ओळख पटविण्यासाठी.
३) लाभार्थी : जोडलेली नाही. सव्वा महिना बाळाला घराबाहेर काढत नाहीत. पडताळणीसाठी आपण स्वतः घरी यावे, आणि दुपटे घेऊनच यावे.