बिनआठ्यांचं कपाळ

ती. ताईस धाकटीचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला गेला, की अजून तुझ्या झोपेच्या मुळावर उठलाय? इकडे आम्ही सगळे खुशाल (हे वाक्य घालावंच लागतं, म्हणून घातलं). ठकी पाच महिन्यांची झाली. फोन सोडून ही बया पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. पण फोनवर तू तोंड दाखव म्हणतेस, आणि तोंडाचाच तर सगळा घोळ आहे.

त्याचं असं झालं. बाळंतपणाची रजा संपवून वीज कंपनीतल्या तक्रारीच्या खिडकीवर परत रुजू झाले आणि नव्या ओळखपत्राचा फोटो काढला. फोटोत मी कुठली, नुसत्या आठ्या! धाकटी जाऊ म्हणाली, माझ्या ओळखीची त्वचेची डॉक्टरीण आहे, चार सुया टोचल्या की कपाळ इस्त्री केल्यासारखं होतं. गेले तिच्याबरोबर (अक्कल गहाण टाकायला मला कधी वेळ लागलाय?). तिथे फॉर्म दिला. गरोदर आहात का? नाही. अंगावर पाजता का? 'हो' लिहिलं असतं तर मला परत धाडलं असतं आणि जाऊबाई एकटीच गुळगुळीत होऊन घरी आली असती. तिथेही 'नाही' लिहून मोकळी झाले.

चौथ्या दिवशी कपाळ बंद पडलं. आरशासमोर उभी राहून रागावून बघितलं, तर समोरची बाई रागावेना. भुवया उडवल्या, तर ती थंडपणे बघत राहिली. शप्पथ सांगते ताई, अंगावर काटा आला. कचेरीत मात्र माझा दरारा वाढला. तावातावाने आलेला माणूस बिल आपटतो, माझ्याकडे बघतो आणि आवाज खाली आणतो. एका आजोबांनी तर आपल्याच तक्रारीची माफी मागितली आणि माझ्याकडे पाठ न करता मागे मागे चालत गेले. साहेब म्हणाले, संयम असावा तर असा. घरी ह्यांच्याशी कडाकडा भांडले, तर हे म्हणतात, आज स्वारी खुशीत दिसतेय.

इथवर हसून घे. ठकी हसत नाही. पाजायला घेतली की आधी माझ्याकडे टक लावून बघते, मग कपाळावर बोटं फिरवते, अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तशी. मी हसते (ओठ अजून चालू आहेत), पण तेवढ्याने तिचं भागत नाही. परवापरवापर्यंत सासूबाईंना बघून खिदळायची. रविवारपासून कोणालाच बघून हसत नाही. रडते तेही बारीक आवाजात, दूध अर्धवट सोडते. सासूबाई म्हणतात, किती गुणी पोर, त्रास म्हणून नाही. काल तिला घेऊन आरशापुढे गेले. दोन चेहरे, एक मोठा, एक एवढासा, दोन्ही कोरे. मी दचकले, आणि आरशात दोघींपैकी कोणीच दचकलं नाही.

मला फार भीती वाटतेय गं. दोन दिवस डब्याचं दूध देतेय. आटलं म्हणून सांगितलंय, आणि न्हाणीघरात कडी लावून पिळून टाकतेय. तिथे रडून बाहेर येते, कोणाच्या लक्षातही येत नाही. असो. भावोजींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझीच,
धाकटी

ता.क. हे उद्या तुमच्या गावी कामानिमित्त येताहेत, त्यांच्याजवळ पत्र देतेय. पाकीट चिकटवलंय, त्यांच्यासमोर फोडू नको. तू बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहेस, तर डॉक्टरांना सहज विचारून ठेव, की एका शेजारणीने पाजत असताना असं टोचून घेतलं, तर ते दुधातून बाळाच्या पोटात जातं का?

आणखी ता.क. शेजारीण राहू दे, माझंच नाव सांग. आणि नुसत्या फॉर्मवर निभावलं असंही नाही. डॉक्टरणीने आत एकटीला बसवून पुन्हा विचारलं होतं. म्हणाली, पाजत असाल तर आज नको, पाजणाऱ्या आयांवर हे कोणी नीट तपासलेलं नाही, दूध तुटल्यावर या. माझ्या ब्लाउजवर ओला डाग होता, त्याच्याकडे तिने बोट दाखवलं. मी म्हटलं, पाणी सांडलं. तिने एकदा डागाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि सुई उचलली.

ठकीने आत्ता बाटलीही सोडली. उद्याची वाट बघत नाही, पत्र ह्यांच्याकडेही देत नाही. तिला घेऊन आत्ताच्या गाडीने निघतेय, वॉर्डाच्या दारात तुझ्या हातात हे ठेवीन. आधी वाच आणि डॉक्टरांना बोलव. मला तोंडी काही विचारू नको ताई, मी पुन्हा पाणी सांडलं म्हणेन.