मानेच्या भोकातला क्रूस

तीर्थरूप बाबांना,

अथेन्सहून आर्गिरोचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा काय म्हणतो? आणि तुमच्या हाताची थरथर?

आमच्या संग्रहालयात सध्या नुसता तमाशा आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचं म्हणून एक संगमरवरी मस्तक आलंय आणि प्राध्यापक लिवेरिस त्याच्याभोवती नवरदेवासारखे मिरवताहेत. मी ते अतिनील दिव्याखाली धरलं. जुना संगमरवर पिवळट, डागाळलेला दिसतो. हा सगळा जांभळा, म्हणजे कालपरवा कोरलेला! वरचा तपकिरी थर तर ओल्या कापसानेच निघाला.

"दिवा बिघडला असेल गं," म्हणाले. एवढी अक्कल पाजळायला हा माणूस प्राध्यापक झाला!

मग धडाला बसवायचं भोक असतं ना मानेत, त्यात खोल एक क्रूस सापडला. "प्राचीन शिल्पकाराची खूण!" म्हणून बाईसाहेबांना, म्हणजे मलाच, समजावायला लागले. येशूच्या आधी पाचशे वर्षं क्रूस! मी हसून हसून बेजार झाले.

जवळून पाहिलं आणि हसू विरलं.

पहिला घाव घालण्याआधी दगडावर क्रूस कोरायचा, ही अख्ख्या टिनोस बेटावर आपल्याच घरची रीत. आजोबांनी तुम्हाला शिकवली, तुम्ही मला. या क्रुसाच्या रेघा थरथरत्या आहेत, बाबा.

अहवालात मी 'नकली' लिहिलंय. कोणी केलं, ते लिहिलेलं नाही. पण देवाचं नाव घेऊन लबाडी करायला आजोबांनी नक्कीच शिकवलं नव्हतं.

आईला हे वाचून दाखवू नका.

तुमची,
आर्गिरो