बोल्टावरची रेघ

सोमवार, ३ नोव्हेंबर

आईचं डोकं फिरलंय! पंधरा तारखेला पंच्याऐंशी पूर्ण होणार, आणि हवं काय? केक नाही, पाहुणे नाहीत. बाबांच्या ट्रकमधून तळ्यापर्यंत चक्कर. "मध्ये मी, एका बाजूला तू, एका बाजूला ओरिन. पूर्वीसारखं."

पूर्वीसारखं म्हणे! ट्रक सहा वर्षं बाबांच्या, आता मी चालवते त्या गॅरेजमागे उभा आहे, आणि माझा सख्खा भाऊ ओरिन सहा वर्षं माझ्याशी बोललेला नाही. मीही नाही. का बोलू? बाबा जाऊन महिना झाला नव्हता. आम्ही दोघांनी त्यांच्या ट्रकचा गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त केला, म्हणजे बहुतेक त्यानेच. आठवड्यात ट्रक थरथरायला लागला. मी म्हटलं, "बाबांच्या गाडीला परत हात लावायचा नाही." तो पाना ठेवून दूर फार्गो शहरात निघून गेला.

ट्रक दुरुस्त करीन. ओरिनचं नाव काढू नकोस, मी आईला म्हणाले. आई ऐकू न आल्यासारखं करते. सोयीने बहिरी!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

नवी बॅटरी, ताजं पेट्रोल. चालू झाला! ताशी पंचेचाळीस मैलांवर गेले आणि तीच थरथर. रस्त्याच्या कडेच्या खाचांवरून चाकं जावीत तशी. डाव्या पायाने ब्रेक नुसता दाबल्यासारखा केला — थरथर बंद. पाय काढला — परत सुरू. तीनदा करून पाहिलं.

म्हणजे इंजिन नव्हे, चाकंही नव्हेत. कन्व्हर्टर! इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला तो लोखंडी भोपळा. वेग आला की त्याच्या आतला क्लच पकड घेतो, ब्रेकला पाय लागला की सोडतो. पकड घेताना घसरतोय. तेलाला करपलेल्या टोस्टचा वास. हे सहा वर्षांपूर्वीच करून बघायला हवं होतं. पण तेव्हा रागच एवढा होता की चावी काढून फेकली होती.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

गंज, गंज, गंज! सायलेन्सरचे दोन बोल्ट तुटले. तेलाचे पाइप सोडवताना अर्धं तेल माझ्या बाहीत. गिअरबॉक्सच्या प्रत्येक बोल्टावर ओरिनची निळी रेघ, अजून शाबूत. बाबांचा नियम — बोल्ट घट्ट केलास तर सही कर. रंगाची एक रेघ डोक्यावर ओढायची. बाबांची पांढरी, माझी पिवळी, ओरिनची निळी. म्हणजे उद्या काही बिघडलं तर कुणाला हाक मारायची ते कळतं. बरोबर आहे, बाबा. कळतंय!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

कन्व्हर्टरचे तीन बोल्ट. खालच्या फटीतून एका वेळी एकच दिसतो. एक काढला की इंजिन पुढून पान्याने फिरवायचं, मग दुसरा समोर येतो. दोघांचं काम. एकटीने करायचं म्हणजे बाहेर सरपटा, फिरवा, परत आत सरपटा, पाहा तर पुढे निघून गेला! पाचव्या फेरीला मी जी शिवी दिली ती आईने ऐकली. कोट चढवून बाहेर आली, पाना धरला.

"आई, थोडंसं! अर्धा इंच!"

"अर्धाच केला."

"हा अर्धा? फूटभर गेला!"

"मग तुझ्या भावाला बोलाव. त्याला बरोबर जमायचं."

ग्रीसने माखलेले तीन बोल्ट डब्यात टाकले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

हरणांच्या शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस. अख्खं गाव नारिंगी जाकिटं घालून रानात. गिअरबॉक्स धरायला एक माणूस मिळेल तर शपथ!

रविवार, ९ नोव्हेंबर

एकटीने उतरवला. जॅक, दोन साखळ्या, आणि कंबर कामातून गेली. कन्व्हर्टर ओढून काढला, पुसला. समोरच्या बाजूला तीन पोचे! बोल्टांच्या टोकांच्या बरोबर समोर. बोल्ट लांब होते. टोकं आत घुसून पत्र्याला भिडली, आतला क्लच वाकडा. नवशिक्याची चूक!

सापडला चोर! धावत आत जाऊन आईला सांगितलं. "बघ, तुझ्या लाडक्याने काय केलंय. लांब बोल्ट मारलेत."

आई बटाटे सोलत होती. म्हणाली, "मग फोन करून त्याला सांग."

"मुळीच नाही."

नवा कन्व्हर्टर गुरुवारी येतोय.

सोमवार, १० नोव्हेंबर

पुरावा म्हणून बोल्ट रॉकेलमध्ये धुतले. ग्रीस निघालं. पिवळी रेघ. तिन्हींवर.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

गॅरेज उघडलं नाही.

आता आठवतंय. बाकी सगळं त्याने केलं, पण ते तीन बोल्ट मी मारले. माझे हात बारीक, म्हणून खाली मी. तो पुढून इंजिन फिरवत होता. "मार्लिस, भोक आलं का समोर?" — "आलं!" मी गाणं म्हणत होते. मूळचे आखूड बोल्ट हाताला लागेनात म्हणून शेजारच्या, ओरिनच्या डब्यातून घेतले. आटे बसले. मला वाटलं, झालं. रेघसुद्धा ओढली! आणि आठवड्याने मीच कमरेवर हात ठेवून त्याला म्हणाले, की बाबांच्या गाडीला हात लावू नकोस.

लाज वाटते. एवढी की आईसमोर जेवता आलं नाही. तिने ताट झाकून ठेवलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

फोन केला. हॅलो न म्हणताच सांगून टाकलं. "ओरिन, बोल्टांवर पिवळी रेघ आहे."

तो म्हणाला, "माहितीय."

"कधीपासून?"

"तू ओरडत होतीस तेव्हापासून. माझ्या डब्यातले तीन लांब बोल्ट गायब होते."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"बाबा नुकतेच गेले होते. गॅरेज तुझ्या गळ्यात पडलेलं. तुला कळलं असतं तर तू पाना खाली ठेवला असतास, मार्लिस. कायमचा."

मी रडले. तो म्हणाला, उद्या सकाळी निघतो. येताना ते मूळचे तीन आखूड बोल्ट आणतोय. सहा वर्षं त्याच्या खणात आहेत.